स्वेटरवाटपाचा शनिवार

आमच्या शाळेत सामाजिक बांधिलकीचं खातं माझ्याकडे होतं. असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाईंना समाजाचा फार कळवळा असणार. कसला कळवळा! जूनमध्ये कामं वाटली तेव्हा मी पंधरा मिनिटं उशिरा पोचले. तोवर स्नेहसंमेलन, क्रीडा, सहल सगळं वाटून झालं होतं आणि जे कुणालाच नको होतं ते माझ्या नावापुढे लिहून सगळे चहाला गेले होते. मी भांडले. मी भांडतेच. पण सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, हसत हसत फाइल माझ्या हातात ठेवली. "तुमच्याइतकं बोलणारं दुसरं आहे कोण इथं? तुम्हीच सांभाळा."

शाळा केजच्या बाहेर, माळावर. खासगी, इंग्रजी माध्यमाची. पिवळ्या गाड्या, टाय, बूट. दुकानदारांची, वकिलांची, बागायतदारांची मुलं. माझ्या सासरचं बाजारपेठेत किराणा दुकान आहे, त्यामुळे निम्म्या वर्गाच्या आईबापांना मी साखर-शेंगदाणे घेताना पाहिलेलं. शाळेचं नाव मोठं करायचं तर नुसते निकाल पुरत नाहीत, समाजासाठी आपण काही करतो हे दिसलं पाहिजे, असं संस्थेच्या अध्यक्षांचं म्हणणं. त्यामुळे वर्षातून एकदा वृक्षारोपण, एकदा रक्तदान आणि वृद्धाश्रमात फळवाटप, एवढं त्या फाइलमध्ये होतं. प्रत्येक कागदामागे फोटो.

एकदा अंगावर पडलंच आहे म्हटल्यावर मला नुसते फोटो काढत बसवेना. दिवाळी उरकली की आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. शाळेपासून पाचेक किलोमीटरवर, कालव्याच्या कडेला एका टोळीचा तळ पडला होता. उसाच्या पाचटाच्या पंधरा-वीस कोप्या, म्हणजे झोपड्या, मधे पाण्याची टाकी. नवराबायको अंधार असतानाच ऊस तोडायला फडात जायचे आणि लेकरं दिवसभर तळावर. मी म्हटलं, दर शनिवारी आपली गाडी पाठवू, ही मुलं शाळेत आणू. आठवीची मुलं त्यांना दोन तास शिकवतील, खेळतील, एकत्र खिचडी खातील, दुपारच्या आत परत सोडू. सर म्हणाले, डिझेल? मी म्हटलं, वृक्षारोपणाचे खड्डे दरवर्षी तेच असतात, तेवढे खणायचे वाचवा. गाडी मिळाली.

आणि खरं सांगू, ते शनिवार मला आवडायला लागले. शाळेतल्या मुलांची मी 'मिस', तळावरची पोरं मला 'बाई' म्हणायची. गाडी कालव्यावरून वळली की 'बाई आल्या, बाई आल्या' करत सगळी धावत यायची. माझ्या स्वभावाच्या बाईला बघून कुणी धावत येतं, ही सवय नव्हती मला.

त्यात एक मुलगी होती. नऊ-दहा वर्षांची असेल. पाटोद्याकडची होती ती माणसं. अंगाने काडी, पण आवाज खणखणीत. तिला फळ्यावर लिहायचं वेड होतं. पाटी-वहीत तिचा जीव रमायचा नाही, तिला उभं राहून, हात वर करून, मोठ्ठं लिहायचं असायचं. गाडी सुटायची वेळ झाली तरी खडू तिच्या मुठीतून काढून घ्यावा लागायचा. एकदा मी तसाच राहू दिला, तर पुढच्या शनिवारी तिच्या कोपीजवळच्या टाकीवर हात पुरेल तिथपर्यंत बाराखडी लिहिलेली दिसली.

मला राग यायचा तो एकाच गोष्टीचा. हजेरी मी स्वतः घ्यायचे आणि दर शनिवारी मोठ्या मुलींपैकी एक हमखास गायब असायची. बरं, दर वेळी वेगळी. या आठवड्यात ही, पुढच्या आठवड्यात ती. विचारलं की बाकीच्या नुसत्या पायाच्या अंगठ्याने माती उकरायच्या. "न्हाई आली बाई." का नाही आली? "न्हाई आली." मग माझा पारा चढायचा. "गाडी तुमच्या दाराशी येते, खायला मिळतं, शिकायला मिळतं, आणि तुम्हाला यायला जड होतं होय गं?" असं मोठ्ठं भाषण मी त्यांना दोन-तीनदा दिलं. खाली माना घालून ऐकून घ्यायच्या. ओरडून विचारलं की मुलं खरं सांगत नाहीत, हे पंधरा वर्षं शिकवून मला कळत होतं. तरी ओरडलेच.

जानेवारीत अध्यक्षांनी ठरवलं, या मुलांना स्वेटर वाटायचे. मोठे पाहुणे बोलवायचे. त्यांचं नाव कशाला घ्या, जिल्ह्यातले एक साहेब म्हणा. मंडप, हार, पत्रकार, सगळं आलं. सरांनी मला आत बोलावून बजावलं, "बाई, फोटोत मुलं भरगच्च दिसली पाहिजेत. एकूण एक आलं पाहिजे. एकही गैरहजर नको." गैरहजेरी हे तर माझं दुखणंच होतं. मी शुक्रवारी मुद्दाम तळावर जाऊन दम देऊन आले. उद्या जो येणार नाही, त्याला पुढे गाडीत घेणार नाही. असं म्हणाले मी. माझ्या तोंडाने.

शनिवारी सकाळी साडेआठला गाडी लागली. पोरं तोंडं धुऊन, तेल चोपडून तयार. भराभर चढली. फक्त ही खडूवाली पोर एकटी खाली उभी, कडेवर वर्षाचा भाऊ. माझी हजेरी पुरी व्हायला एक नाव कमी.

"चल गं, बस पटकन."

"आज म्या न्हाई बाई." तिने गाडीच्या खिडकीकडे बघितलं. तिथे ती नेहमी बसायची. "बाळ हाय."

"बाळ कशाला? पाहुणे येणारेत, बाळं घेऊन नाही बसायचं. ठेव कुणाजवळ तरी."

"कुनापाशी ठिवू?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. सरांचा दोनदा फोन येऊन गेला होता. मी म्हणाले, "असेल की कुणीतरी! जा, ठेवून ये, पळ."

ती पळाली. पाचेक मिनिटांनी परत आली, रिकाम्या हातांनी, धापा टाकत. मी "शाब्बास" म्हणाले आणि गाडीचं दार लावून घेतलं. कुणाजवळ ठेवलं, हे मी विचारलं नाही. हजेरी पुरी झाली याचाच मला आनंद झाला होता.

कार्यक्रम दहाचा. आता साहेब लोक दहाला कधी येतात का? साडेदहाला फोन आला, कडा गावाला एक उद्घाटन आहे, तिथून निघाले की येतील. मुलं सतरंजीवर रांगेने बसवलेली. सूत्रसंचालन माझ्याकडे, म्हणून माइकवर मी. देशभक्तीपर गीत झालं, मग तेच गीत पुन्हा झालं. लाडू वाटले. आमच्या मुलांनी या मुलांना 'स्वच्छतेचे महत्त्व' सांगितलं. आणि या सगळ्यात पुढच्या रांगेत बसलेली ही पोर सारखी मागे वळून गेटकडे बघायची. लाडू तसाच हातात. दोनदा उठली, दोनदा मी माइकवरूनच "बसा, बसा" केलं. तिसऱ्यांदा उठली तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी माइक ठेवला आणि तरातरा गेले.

"काय चाललंय तुझं? लघवीला जायचंय का?"

"न्हाई. बाई, मी जाऊ? चालत जाते म्या."

"कुठं?"

"घरला. आई फडात वाट बघायली असंल. बाळ न्यायचं असतंय दुपारचं पाजाया."

"मग ज्याच्याजवळ ठेवलंय तो नेईल की."

तिने माझ्याकडे बघितलं आणि लाडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"कुणाजवळ ठेवलंस गं?"

"बांधलंय," ती म्हणाली.

"बांधलंय म्हणजे?"

"कोपीतल्या खांबाला. आईच्या लुगड्याच्या काठानं. पायाला."

आगं माय! तळावर दुसरं कुणीच नव्हतं का? "न्हाई. समदे फडात. आन् आमी समद्या हितं." मग एकेक कळत गेलं. त्या मुलींनी आपसात पाळी लावून घेतली होती. दर शनिवारी एकीने मागं राहायचं, आयांनी मागं ठेवलेली लहान लेकरं सांभाळायची, दुपारी फडात पाजायला न्यायची. बाकीच्यांनी गाडीत बसायचं. कुणी शिकवलेलं नाही, कुणी सांगितलेलं नाही. माझ्या हजेरीतली ती गायब मुलगी म्हणजे त्या दिवसाची पाळीवाली. "आज माझी पाळी व्हती," ती म्हणाली. बाकीच्या दोघा लेकरांना त्यांच्या आयांनी पाठीशी बांधून फडात नेलं होतं. हिचा भाऊ तेवढा राहिला होता, हिच्या भरवशावर.

"चूल?" मी विचारलं. "चूल विझवली होतीस?"

"इजिवली. पानी टाकलं." आणि मग, "तांब्यात थोडंच व्हतं."

मी सरांकडे धावले. ते मंडपाच्या दाराशी फोन कानाला लावून. मी सांगितलं, अमुक झालंय, गाडी पाहिजे. सर म्हणाले, गाडी तर शेजारच्या वस्तीवरच्या बायांना आणायला गेलीय, प्रेक्षक कमी दिसत होते ना. आणि हात जोडले, अक्षरशः हात जोडले, "बाई, साहेब दहा मिनिटांत पोचतायत. तुम्ही आत्ता हललात तर माइक कोण धरणार? दहा मिनिटं. हार झाला की तुम्ही मोकळ्या."

आता माझी स्कुटी गेटपाशी उभी होती. चावी पर्समध्ये, पर्स खांद्याला. पाच किलोमीटर. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. मी भांडकुदळ बाई, शिपायापासून अध्यक्षापर्यंत कुणाशीही तोंड वाजवणारी, आणि त्या दिवशी दहा मिनिटं म्हटल्यावर गप्प मागे फिरले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. निमंत्रणपत्रिकेवर 'संयोजिका' म्हणून माझं नाव छापलं होतं, हे मात्र खरं.

मुकादमाचा, म्हणजे टोळी आणणाऱ्याचा नंबर माझ्याकडे होता. लावला. उचलेना. परत लावला. चौथ्यांदा उचलला. "बाई, मी कारखान्यावर हाय, उसाची गाडी नंबरला लागलीय. सांजच्याला येतो." मी म्हटलं, फडात कुणाला तरी फोन करा, तळावर लेकरू एकटं आहे. तो म्हणाला, "फडात कुनाचा फोन लागनार? समद्यांचे फोन कोपीत असत्यात बाई, घामानं खराब हुत्यात." आणि मागच्या ट्रॅक्टरच्या आवाजात ठेवून दिला.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. मी माइकवर काय बोलत होते देव जाणे. 'मुले ही देवाघरची फुले' वगैरे बोलले असणार, कारण टाळ्या पडल्या. डोळ्यासमोर नुसता तो खांब. काठ गळ्याला अडकला असला तर? चुलीत इस्तू राहिला असला तर? पाचटाची कोपी पेटायला किती वेळ लागतो? मग मीच स्वतःची समजूत काढायची, काही नाही होत, या लोकांची लेकरं काटक असतात. हा विचार मी केला. 'या लोकांची.' साडेबाराला मी मंडपामागे जाऊन घरी फोन लावला आणि सासूबाईंना विचारलं, "पोरीनं वरणभात खाल्ला का?" माझी मुलगी दोन वर्षांची होती. सासूबाई म्हणाल्या, खाल्ला, आता माझ्या मांडीवर झोपलीय. मी फोन ठेवला.

परत आले तर ती पोर मंडपाच्या कडेला येऊन उभी होती. "बाई, ऊन डोक्यावर आलं," एवढंच म्हणाली. रडत नव्हती. फ्रॉकच्या टोकाला पीळ घालत होती. मी म्हटलं, "आत्ता जाऊ. आत्ता येतीलच ते." तिने विश्वास ठेवला आणि जाऊन रांगेत बसली.

साहेब आले ते पावणेदोनला. धुरळा, गाड्या, हार, परत हार. पहिला स्वेटर पुढच्या रांगेतल्या पहिल्या मुलीला, म्हणजे हिलाच. लाल होता, गुडघ्यापर्यंत आला. उन्हात तिच्या डोक्यातून तो घालताना फोटोवाला ओरडला, "अहो, मुलीला हसवा जरा!" साहेबांनी वाकून, माइक तिच्यापुढे धरून विचारलं, "मोठी होऊन काय करायचंय बाळ तुला?"

"घरी जायचंय," ती म्हणाली.

सगळा मंडप हसला. साहेबही हसले. मी माइक शेजारच्या बाईंच्या हातात कोंबला, पोरीच्या दंडाला धरलं आणि स्टेजच्या मागून निघाले. सर मागून "बाई, अहो बाई" करत होते.

रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. दोन-दोन ट्रॉल्या, डुलत चाललेल्या, बाजूला घ्यायला जागा नाही. मी हॉर्न वाजवत होते, शिव्याही दिल्या, ज्या एरवी मी वर्गातल्या पोरांच्या तोंडून ऐकल्या तर कान पिळते. मागे बसलेली पोर माझ्या पदराला घट्ट धरून होती. मधे एकदा कानाशी म्हणाली, "बाई, गाठ सैल बांधली व्हती. लागू ने म्हून." गाठ सैल असणं बरं की वाईट, मला काही सुचेना. कारण कालव्याला पाणी सुटलं होतं. वळणावरूनच काठोकाठ वाहताना दिसलं.

तळावर चिटपाखरू नव्हतं. कोपीपाशी स्कुटी उभी करायचंही भान नव्हतं, ती आडवीच टाकली. पोर माझ्याआधी आत घुसली. कोपी जळाली नव्हती. खांब होता. खांबाला हिरवा काठ होता, त्याचं टोक मातीत पडलेलं, रिकामं. बाळ नव्हतं. चुलीतली राख सगळीकडे पांगलेली आणि राखेत छोटे छोटे हात उमटलेले.

ती सरळ कालव्याकडे पळत सुटली. लाल स्वेटर तसाच अंगात. मी तिच्या मागे. बूड जड झालेली बाई मी, चपला कुठे गेल्या कळलं नाही. कालव्याच्या कडेला ती गुडघ्यावर बसून पाण्यात बघायली होती, नुसतं बघायली होती, आणि पाणी गढूळ, काही दिसण्यासारखं नाही. मी त्या वेळी देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझं सगळं घे म्हणाले, एवढं सांगते. आणि त्यातही, खोटं कशाला बोलू, आता शाळेत काय सांगायचं हेही मनात येऊन गेलं.

"तिकडं काय बघायलीस गं भवाने?"

टाकीच्या मागून आवाज आला. तिची आई. काखेत बाळ, ओलं, उघडं, नुकतं धुतलेलं. जिवंत. रडून रडून आवाज बसलेला, नुसतं घोगरं हुंकारत होतं आणि आईच्या पदराखाली तोंड घालत होतं. डाव्या हाताच्या दोन बोटांवर पाण्याने भरलेले फोड. घोट्याला लाल वळ. मी तिथेच मातीत बसले.

दुपारी बाळ आणलं नाही म्हणून तिने फडात वाट बघितली, दुधाने छाती दाटून आली तेव्हा कोयता टाकून तळावर आली. लेकरू चुलीपाशी राख खात बसलेलं सापडलं. हे तिने मला सांगितलं नाही, पोरीला सांगितलं, आणि सांगता सांगता एक ठेवून दिली. कडकन. "कुठं गेलतीस? पाळी व्हती ना तुझी? लेकरू टाकून मिरवाया गेलतीस?"

पोरीने गालाला हातही लावला नाही. एकदाच माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "शाळेत कार्यक्रम होता. आम्ही नेलं होतं." एवढंच म्हणाले. खरंच होतं ते, पण ज्यावर सगळं अडलं होतं ते त्यात नव्हतं. ते जिभेपर्यंत आलं आणि तिथेच बसलं. आईने दुसरी मारली. स्वेटरची बाही पकडून मारली, पोर हेलपाटली. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"तिला मारू नका. मी सांगितलं तिला. ती येत नव्हती, बाळ आहे म्हणत होती. मीच म्हणाले, ठेव कुणाजवळ तरी. माझी चूक आहे."

आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही माझ्यावर येईल. यावी असंही वाटलं. शिव्या घालाव्यात, झिंज्या उपटाव्यात. पण तिचा चेहरा मऊ झाला.

"ऱ्हाऊ द्या बाई," ती म्हणाली. "तुमी लई मायाळू हाव, म्हाईत हाय आमाला. पर हिला पाठीशी घालू नगा. शिकल्यासवरल्याली बाई कुनाला लेकरू टाकून ये म्हनंल का?"

"अहो, खरंच सांगते. मी म्हणाले तसं."

"न्हाई आई," पोर मधेच बोलली. तो तिचा फळ्यावर वाचतानाचा खणखणीत आवाज. "बाई तर म्हनल्या, घिऊन ये बाळाला. म्याच बांधलं. मलाच स्वेटर पायजे व्हता."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती माझ्याकडे बघत नव्हती. आईने तिला तिसरी मारली, या वेळी हळू, सवयीने मारावी तशी, आणि बाळ तिच्या कडेवर दिलं. पोरीने ते घेतलं, त्याची फोड आलेली बोटं फुंकायला लागली.

"बसा बाई," आई म्हणाली. "हिच्यापाई तुमाला लई तरास झाला. भर उन्हाचं पळत आलाव. च्या टाकते." नको म्हणायला मला तोंड नव्हतं. तिने पांगलेली राख गोळा केली, त्याच चुलीत चार चिपाडं सारली, फुंकर मारली. पोतं झटकून मला बसायला टाकलं. फोन पर्समध्ये वाजत होता, सरांचा असणार.

आई चहापत्ती आणायला आत वाकली तेव्हा पोर बाळाला घेऊन माझ्याशेजारी येऊन टेकली. एका गालावर चारही बोटं उमटली होती. आई ऐकणार नाही इतक्या हळू आवाजात तिने विचारलं, "बाई, फुडच्या शनवारी गाडी येनार ना? फुडच्या टायमाला माझी पाळी न्हाई."

"येणार," मी म्हणाले. आईने कप पुढे केला. बिनदुधाचा, भरपूर साखर घातलेला, पाहुण्यांना करतात तसा. मी तो सगळा प्याले.